लोककथेचे पुनर्कथन : जगातील लोककथा आणि मराठी बालवाचक

प्रस्तावना

लोककथा ही मुळात ऐकण्याची गोष्ट आहे. ती कोणी एकाने लिहिलेली नसते आणि तिची एकच एक ‘खरी’ संहिता नसते, हे लोकसाहित्याच्या अभ्यासात आपण पाहिले आहे. प्रस्तुत घटकात आपण या विधानाचा एक व्यावहारिक परिणाम अभ्यासणार आहोत. कथेची एकच संहिता नसेल, तर ती मुलांसाठी पुन्हा सांगणाऱ्याला किती मोकळीक आहे? त्याने काय बदलावे, आणि काय बदलले असता कथा नावापुरतीच शिल्लक राहते?

हा प्रश्न केवळ पुस्तके लिहिणाऱ्यांचा नाही. आपल्यापैकी बरेच जण पालक आहेत, कोणी आजी-आजोबाही असतील, तर कोणी अंगणवाडीत किंवा प्राथमिक शाळेत काम करीत असतील. मुलाला निजवताना गोष्ट सांगत असता मध्येच आपण एखादा मृत्यू गाळतो, राक्षसाला जरा सौम्य करतो, आपल्याला आठवत नाही तो भाग मनचा घालतो. हे संपादनच होय. ते आपण नकळत करीत असतो. या घटकाच्या अभ्यासानंतर ते जाणतेपणाने करता यावे, आणि दुसऱ्याने केलेले पुनर्कथन वाचताना त्यातील बदल ओळखता यावेत, अशी अपेक्षा आहे.

संग्राहकही पुनर्कथकच असतो : ग्रिम बंधूंचे उदाहरण

‘मूळ ग्रिम’ असे शब्द आपण पुष्कळदा ऐकतो. मूळ कथा क्रूर होत्या, पुढे त्या मुलांसाठी गोड केल्या गेल्या, असा एक सर्वसाधारण समज आहे. ग्रंथाचा इतिहास मात्र यापेक्षा गुंतागुंतीचा आहे.

याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या जर्मन भाषापंडितांनी ‘मुलांच्या आणि घरातल्या कथा’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा संग्रह दोन खंडांत प्रसिद्ध केला. पहिला खंड 1812 मध्ये आणि दुसरा 1815 मध्ये आला. शीर्षकात मुले असली तरी ग्रंथाची प्रकृती विद्वत्तापूर्ण होती. कथांना अभ्यासकांसाठी टिपा जोडल्या होत्या, चित्रे नव्हती. या कथा मुलांच्या हाती देण्याजोग्या नाहीत, असा आक्षेप लवकरच आला. त्यानंतर 1857 च्या सातव्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ, मुख्यतः विल्हेल्म या कथांवर हात फिरवीत राहिला. दरम्यान 1825 मध्ये निवडक 50 कथांची, चित्रे असलेली छोटी आवृत्ती निघाली, आणि खऱ्या अर्थाने मुलांचे पुस्तक झाले ते हेच.

विल्हेल्मने काय बदलले, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. 1812 च्या संहितेत मनोऱ्यात कोंडलेली रापुन्त्सेल भाबडेपणाने विचारते की, आपले कपडे अलीकडे घट्ट का होऊ लागले आहेत. राजपुत्राच्या भेटींचा हा परिणाम आहे, हे मोठ्या वाचकाला तत्काळ कळते. पुढील आवृत्त्यांत हा प्रश्न नाहीसा झाला आणि त्या जागी, राजपुत्रापेक्षा तुम्हांला वर ओढणे जड का जाते, असे ती चेटकिणीला विचारू लागली. हिमगौरीच्या जिवावर उठलेली स्त्री पहिल्या आवृत्तीत तिची सख्खी आई होती. 1819 मध्ये ती सावत्र आई झाली. ‘हेन्सेल आणि ग्रेटेल’मधील मुलांना रानात सोडून देण्याचा हट्ट धरणाऱ्या आईचे तसेच झाले, पण ते 1840 मध्ये. मुलांनी खेळता खेळता कसायाचे सोंग आणले आणि त्यात एक मूल मारले गेले, ही लहानशी भयंकर कथा तर 1819 च्या आवृत्तीतून गाळलीच गेली.

येथवर ‘गोड करण्या’चा समज खरा वाटतो. परंतु त्याच 1819 च्या आवृत्तीत सिंड्रेलाच्या सावत्र बहिणींचे डोळे कबुतरे टोचून फोडतात, असा शेवट *नव्याने* आला. 1812 मध्ये तो नव्हता. म्हणजे लैंगिकतेचा उल्लेख पुसला गेला, सख्ख्या आईचे क्रौर्य झाकले गेले, आणि दुष्टांना होणारी शिक्षा मात्र अधिक कठोर झाली. एकोणिसाव्या शतकातील मध्यमवर्गीय जर्मन घराला मुलांसाठी काय योग्य वाटत होते, त्याचा हा आलेखच आहे. मुलाला रक्त दाखवायला हरकत नव्हती. आई वाईट असू शकते, हे दाखवायला होती.

आपण आज उलट करतो. शिक्षा काढून टाकतो. आपल्या निवडी विल्हेल्मच्या निवडींपेक्षा अधिक शहाण्या आहेत, असे गृहीत धरण्याचे कारण नाही. त्या आपल्या काळाच्या निवडी आहेत, एवढेच खात्रीने म्हणता येते.

सावत्र आईचा बदल येथे थोडा अधिक विचारात घ्यावा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. एका संपादकाने सख्ख्या आईची प्रतिमा सांभाळण्यासाठी केलेला फेरफार अनुवादांतून जगभर गेला. मुळातच सावत्र आया असलेल्या लोककथा जगात पुष्कळ आहेत, मराठीतही आहेत. तरीही या दोन कथांपुरते ओझे संपादकाने तिच्या डोक्यावर ठेवले, हे विसरू नये. आज वर्गात एखादे मूल सावत्र आईजवळ वाढत असेल, आणि ती त्याची वेणीफणी करीत असेल, डबा भरून देत असेल. त्या मुलासमोर हिमगौरी सांगताना 1819 ची संहिताच प्रमाण मानण्याचे बंधन आपल्यावर नाही.

कथेचा चालता भाग : भोपळ्यातली म्हातारी

आता घरची कथा घेऊ. म्हातारी आणि भोपळा ही कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. रानातून लेकीकडे निघालेल्या म्हातारीला वाटेत वाघ, कोल्हा असे प्राणी अडवतात. मी आता वाळलेली आहे, लेकीकडे चार दिवस खाऊन-पिऊन जाड होऊन येते, मग मला खा, असे सांगून ती सुटते. आणि परतताना भोपळ्यात बसून त्यांच्या समोरून टुणूक टुणूक निघून जाते. बहुतेक मराठी कथनांत ती सुखरूप घरी पोहोचते.

ही कथा केवळ मराठी नाही. इराणमध्ये गडगडत जाणाऱ्या भोपळ्याची कथा मुलांच्या आवडीची आहे. तीतही लेकीकडे जाणारी म्हातारी आहे, आणि वाटेत लांडगा, सिंह असे प्राणी आहेत. बंगालीत उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी 1910 च्या ‘टुनटुनीर बोई’ या पुस्तकात ती सांगितली. तेथे कुबडी म्हातारी नातीकडे जाते आणि दुध्याच्या पोकळ कवचात बसून परतते. कोल्हा तिला ओळखतो, पण तिने हाक मारताच तिचे दोन पाळीव कुत्रे धावून येतात आणि कोल्ह्याचा निकाल लावतात. पंजाबात, फ्लोरा अ‍ॅनी स्टील यांच्या ‘टेल्स ऑफ द पंजाब’ (1894) या संग्रहात, म्हातारीच्या जागी आजीकडे निघालेले एक कोकरू आहे आणि भोपळ्याच्या जागी ढोलके. ते ढोलके मेलेल्या धाकट्या भावाच्या कातड्याचे केलेले असते. त्यात बसून कोकरू मोठ्या ऐटीत परत येते, वाटेतल्या साऱ्या प्राण्यांना फसवते. शेवटी कोल्हा त्याचा आवाज ओळखतो आणि त्याला खाऊन टाकतो. कथा तेथेच संपते.

या चार कथनांत किती गोष्टी बदलल्या, पहा. माणूस की प्राणी, भोपळा की ढोलके, सुटका की मृत्यू, सर्व बदलले. न बदलता राहिला तो एक सौदा: ‘आत्ता मी रोड आहे, नंतर खा.’ या सौद्यावर कथा चालते. दुबळ्याजवळ बळ नसते. त्याच्याजवळ बलवानाच्या हावेची जाण असते. वाघाची हावच म्हातारीच्या कामी येते. भोपळा, दुध्या, ढोलके ही त्या सौद्यानंतर लागणारी साधने होत. ज्याच्यावाचून कथा पुढे सरकत नाही, अशा घटकाला आपण या घटकात कथेचा ‘चालता भाग’ म्हणू. ही रूढ परिभाषा नाही, परंतु पुनर्कथन तपासताना ती उपयोगी पडते.

आता अशी कल्पना करा की, मुले घाबरतील म्हणून एखाद्या पुनर्कथकाने ‘खाईन’ हा शब्द काढला. त्याचा वाघ म्हणतो, ‘म्हातारे, मी तुला पुढे जाऊ देणार नाही.’ बदल क्षुल्लक दिसतो. पण मग म्हातारीने ‘जाड होऊन येते’ असे का म्हणावे? वाघाला तिच्या जाड होण्याशी काय कर्तव्य? कथेतील सर्वांत चतुर वाक्य निरर्थक झाले. त्याहून पुढे जाऊन कोणी वाघाला शेवटी म्हातारीचा मित्र केले, तर भोपळ्याचीही गरज उरत नाही; ती चालत घरी आली तरी चालेल. भीती काढली की युक्तीही जाते. मुलाला जो आनंद मिळतो, तो युक्तीने भीतीवर मात केल्याचा असतो. वाघ नसलेल्या रानात तो मिळत नाही.

मग पंजाबी कथेचा शेवट जसाच्या तसा ठेवावा काय? याचे एकच उत्तर देता येणार नाही. चार वर्षांच्या मुलाला रात्री दिवा मालवताना सांगायचा तो शेवट नव्हे, असे लेखकाचे मत आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलांना मात्र तो कमालीचा आवडण्याचा संभव आहे, कारण कोकराची ऐट त्याला भोवते आणि मुलांना ती आधीच खटकलेली असते. येथे शेवट बदलला तरी सौदा शाबूत राहतो, म्हणून तो बदल कथेला मारक नाही. धाकट्या भावाच्या कातड्याचा तपशील गाळला तरी ढोलके उरतेच. ‘खाईन’ गाळणे आणि हे गाळणे यांत फरक आहे, तो ध्यानात घ्यावा.

परकी वस्तू : वाघ आणि सुकवलेले फळ

परदेशी लोककथा मराठीत आणताना दुसरीच अडचण येते. कोरियातील एक सुपरिचित कथा पाहू.

हिवाळ्याच्या रात्री एक भुकेला वाघ डोंगर उतरून गावात येतो. एका घरात मूल रडत असते. आई त्याला गप्प करण्यासाठी नाना प्राण्यांची भीती घालते, अखेर म्हणते, ‘बघ, दाराशी वाघ आला आहे.’ मूल रडतच राहते. बाहेर दबा धरून बसलेल्या वाघाला आश्चर्य वाटते: या पोराला माझीही भीती नाही! इतक्यात आई म्हणते, ‘हे बघ, गोतगाम!’ आणि मूल एकदम गप्प होते. वाघाच्या काळजात धस्स होते. आपल्याहून भयंकर असा हा गोतगाम कोण? तो घाबरून गोठ्यात लपतो. तेथे बैल चोरायला आलेला चोर अंधारात चाचपडत त्याच्या पाठीवर हात फिरवतो आणि हा बैलच समजून वर चढून बसतो. वाघाची खात्री होते की, गोतगामाने आपल्याला धरले. तो जिवाच्या आकांताने रात्रभर पळतो. उजाडू लागल्यावर आपण कशावर बसलो आहोत हे चोराला दिसते, आणि झाडाची फांदी धरून तो लोंबकळतो. दोघेही सुटकेचा नि:श्वास टाकतात.

गोतगाम म्हणजे सुकवलेले पर्सिमन हे गोड फळ. मराठी मुलाला ते ठाऊक नाही. मग काय करावे? सर्वांत सोपा उपाय म्हणजे त्या जागी गुळाचा खडा ठेवणे. कथा चालेल, यात शंका नाही. परंतु मग ती कोरियातील राहणार नाही, आणि जगाच्या कथा मुलांना सांगण्याचा हेतूच मागे पडेल. दुसरा उपाय, मूळ शब्द ठेवून तळटीप देणे. तो अभ्यासकाला चालतो, मुलाला नाही. सांगणाऱ्याला तर तळटीप देताच येत नाही.

येथे पुन्हा चालता भाग शोधावा. या कथेतील विनोद कशावर उभा आहे? वाघाला जे माहीत नाही, ते ऐकणाऱ्याला माहीत आहे यावर. कोरियन मूल ‘गोतगाम’ ऐकताच हसते, कारण ते त्याने खाल्लेले असते. मराठी मुलाला तो शब्द प्रथमच ऐकू आला, तर तेही वाघाच्याच बाजूला, अज्ञानात उभे राहते. आणि खुलासा नंतर केला, तर विनोदाची वेळ निघून गेलेली असते. सारांश, फळ कोणते हे गौण आहे, मुलाला ते *वाघाच्या आधी* कळणे महत्त्वाचे.

एवढे उमगले की मार्ग सापडतो. कथा वाघापासून सुरू न करता घरापासून सुरू करावी. शरद ऋतू सरत आला होता. आईने केशरी फळे सोलली, दोरीत ओवली आणि वळचणीला टांगली. वाऱ्याने सुकून ती मऊ आणि मधासारखी गोड झाली. त्यांना गोतगाम म्हणतात. बाळाला ती इतकी आवडत की नाव काढताच तोंडाला पाणी सुटे. चार वाक्ये पुरतात. मग वाघाला येऊ द्यावे. विदर्भातील किंवा रानालगतच्या गावातील मुले असतील, तर आणखी एक दुवा देता येतो: आपली टेंभुर्णी आणि हे पर्सिमन ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच कुळातील झाडे आहेत. टेंभुर्णीचे पिकले फळ ज्याने खाल्ले आहे, त्याला गोतगामाच्या गोडीचा थोडा अंदाज येतो. (हा दुवा गोष्ट संपल्यावर द्यावा. मध्येच दिल्यास गोष्टीचा तास विज्ञानाचा होतो आणि मुले ते ताबडतोब ओळखतात.)

या कथेचे भाऊबंद दूरवर पसरले आहेत. जपानात अशाच एका कथेत ‘जुन्या घराची गळती’ हीच जगातील सर्वांत भयंकर वस्तू ठरते आणि बाहेरचा लांडगा हादरतो. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात हा कथाप्रकार 177 या क्रमांकाने, चोर आणि वाघ या नावाने नोंदलेला आहे. आणि त्याचे एक फार जुने छापील रूप आपल्याच प्रदेशातले आहे.

आवाज कोणाचा : ‘ओल्ड डेक्कन डेज’

मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची कन्या मेरी फ्रिअर हिने 1868 मध्ये लंडनहून ‘ओल्ड डेक्कन डेज’ हा संग्रह प्रसिद्ध केला. त्यातील शूर कुंभाराची कथा अशी: वादळी पावसात एक वाघ एका म्हातारीच्या झोपडीच्या भिंतीशी अंग चोरून बसतो. आत छप्पर गळत असते, म्हातारी सामान इकडून तिकडे ओढीत या टिपटिपीच्या नावाने कुरकुरत असते. हे टिपटिप म्हणजे कोणी महाभयंकर प्राणी असावा, असे वाघाला वाटते. एवढ्यात हरवलेले गाढव शोधणारा कुंभार येतो, अंधारात वाघालाच गाढव समजून बडवतो, त्याच्यावर बसून घरी जातो आणि त्याला बांधून ठेवतो. सकाळी साऱ्या गावात तो शूर ठरतो.

या कथा मेरीला सांगितल्या तिच्याकडील आया अ‍ॅना लिबराता डिसोझा हिने. 1865-66 च्या हिवाळ्यात दख्खनच्या दौऱ्यावर असताना वेळ घालवण्यासाठी हे कथन सुरू झाले. अ‍ॅनाचे आजोबांचे घराणे मूळचे लिंगायत. ते गोव्याजवळ स्थायिक झाले आणि तेथे आजोबा ख्रिस्ती झाले. कथा तिने आजीकडून ऐकल्या होत्या. म्हणजे एका आजीच्या तोंडची कथा नातीच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतून एका गव्हर्नरच्या मुलीच्या वहीत गेली आणि तेथून लंडनच्या छापखान्यात. या प्रवासात तिचा सूर किती बदलला असेल, याची कल्पना करावी. आजीच्या तोंडी ही कथा कशी वाजत होती, हे कळण्याचा मार्ग आता उरलेला नाही.

तरीही या पुस्तकाच्या दोन गोष्टी त्या काळाच्या मानाने विशेष म्हणाव्या लागतील. पहिली म्हणजे, अ‍ॅनाने सांगितलेली तिच्या आयुष्याची हकीकत पुस्तकात समाविष्ट केली आहे. कथा सांगणारीला नाव आहे, घराणे आहे, दुःखे आहेत. ती नुसती ‘एक नेटिव्ह आया’ नाही. दुसरी गोष्ट मेरीच्या कार्यपद्धतीची. कथा ऐकताना ती टिपणे काढी, मग लिहून झालेली कथा अ‍ॅनाला वाचून दाखवी आणि तपशील बरोबर उतरला आहे ना, याची खात्री करून घेई. पुनर्कथकाला याहून चांगली कसोटी सांगता येणार नाही. सांगणारी व्यक्ती ऐकताना जेथे अडते, ‘असं नाही, असं’ म्हणते, तेथे बहुधा कथेचा चालता भाग असतो.

आपल्याकडे दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर यांसारख्या अभ्यासकांच्या कामामुळे मराठी लोकसाहित्याचा मोठा साठा लिखित स्वरूपात आला. त्यातील कथांना बालवाचकांपर्यंत नेताना एक मोह हमखास होतो: पुनरुक्ती कापण्याचा. म्हातारी तोच सौदा प्रत्येक प्राण्याशी त्याच शब्दांत करते, हे छापील पानावर कंटाळवाणे दिसते, म्हणून ‘कोल्ह्यालाही तिने तेच सांगितले’ असे लिहून जागा वाचवली जाते. मूल मात्र दुसऱ्या वेळी ते शब्द स्वतः म्हणू लागलेले असते. त्याच्या तोंडचे वाक्य आपण काढून घेतो. बोलीभाषेतील शब्दांचेही असेच आहे. निवेदन प्रमाणभाषेत ठेवले, तरी म्हातारीला तिची बोली राहू द्यावी.

उपक्रम

आपल्या घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या व्यक्तीकडून एक लोककथा ऐका. ती व्यक्ती वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, कोंकणी, ज्या बोलीत सांगेल त्या बोलीतच टिपून घ्या. भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रण करणार असाल तर आधी परवानगी विचारा. त्यानंतर ती कथा सात-आठ वर्षांच्या मुलासाठी सुमारे 500 शब्दांत पुन्हा लिहा. कथेचा चालता भाग कोणता, हे एका वाक्यात वेगळे नोंदवा. आपण काय गाळले, काय घातले आणि कोणत्या भीतीपोटी, हेही लिहा. येथे भीती मुलाची की आपली, याचा प्रामाणिकपणे विचार करावा.

लिहून झालेली कथा सांगणाऱ्या व्यक्तीला वाचून दाखवा. ती जेथे जेथे आपणांस थांबवील, तेथे समासात खूण करा आणि तिने काय म्हटले ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. वहीच्या पहिल्या पानावर, आपल्या नावाच्या वर, तिचे नाव तिच्या संमतीने लिहावे.